आख्खी गोळी

“बरोबर तीन उरल्यात. म्हणजे एकही चुकलेली नाही.” सुचिताने गोळ्या पुन्हा डबीत भरल्या. एचआयव्हीच्या औषधकेंद्रात ती आठ वर्षं समुपदेशक होती, पण हा अहवाल तिला उलगडेना. “मग रक्तात विषाणू वाढला कसा, धनाजीदादा?”

धनाजी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. गोणीखाली न वाकणारी मान आत्ता खाली गेली होती.

“खाडा न्हाय केला ताई. येक दिस न्हाय.”

“टेन्शन घेऊ नका. ओरडणार नाहीये मी. घरी गोळी घेता कशी, तेवढं सांगा.”

कशी? जेवणं झाली, लेक मोरीत भांड्यांकडे वळली, की त्याची बायको बाळाबाई सुपारीचा अडकित्ता घ्यायची. कट्. मोठा तुकडा त्याच्या तळहातावर, लहान तिच्या जिभेवर. दोन वर्षं हेच. तिलाही तोच आजार निघाला होता, पण केंद्रात नाव घालायला ती राजी नव्हती. ‘तुमी पाठ दुकती म्हून जाता आसं सांगता येतं. दोघं त्या दारात दिसलो, तर उत्कर्षाची सोयरीक कोन करंल?’

“अर्धी माजी,” धनाजी म्हणाला, “अर्धी मंडळीची.”

सुचिताने अहवाल बाजूला सारला. “दादा, तालमीत अर्ध्या ताकदीच्या गड्याशी रोज खेळलं, तर समोरच्याचं काय होतं?”

“त्याला डाव कळत्यात.”

“विषाणूचं तेच झालंय. हे औषध बहुतेक आता तुमच्यावर चालत नाही. नवं द्यावं लागेल. तेही वाटून खाणार?”

“ती उपाशी आन मी जेवलो, आसं कदी झालं न्हाय, ताई.”

“आहेत कुठे त्या?”

“गेटाभाईर. दर बारीला येती. टपरीपाशी हुबी ऱ्हाती.”

सुचिताने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. “चला, चहा पिऊ.”

टपरीवर बाळाबाईने पदर नाकापर्यंत ओढला. सगळं ऐकून घेतलं. तिसऱ्या कोणी ऐकू नये इतक्या हळू तिने एकच विचारलं, “माज्या अर्ध्यापायी ह्यांचं औषद गेलं?”

“दोघांच्या अर्ध्यापायी, वहिनी.”

कप तसाच ठेवून ती चालू लागली. गेटातून आत. धनाजी मागे राहिला.

दोन महिन्यांनी घरात दोन डब्या आल्या, दोन नावांच्या. जेवणं झाली. बाळाबाईने सवयीने अडकित्ता उचलला आणि परत ठेवला. तळहातावरच्या गोळीकडे ती बघत राहिली.

“केवडी मोठी हाय वो. घशातनं उतरंल का?”

मोरीतला भांड्यांचा आवाज थांबला. उत्कर्षा हात पुसत आली, आणि काही न विचारता तिने पाण्याचा तांब्या आईपुढे सरकवला.