गल्लीभराची फुंक

भोंग्याच्या छातीत चार माणसांना वाटून द्यायचा वारा चुकून एकट्यालाच भरला गेला होता, असं त्याच्या आईचं मत होतं, आणि आईचं मत खोडून काढायची कुणाची टाप नव्हती. लग्नाच्या बँडमध्ये तो ट्रंपेट वाजवी. एकदा म्हणे त्यानं शेवटचा सूर असा लांबवला, की नवरा-नवरी घरी पोचली, जेवली, त्यांचं पहिलं भांडणही उरकलं, तेव्हा कुठे यानं तोंडातून ट्रंपेट काढलं. गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे त्याच्या सुरानं शेजारच्या गल्लीत जाऊन पडत, आणि तिथले लोक ते निमूटपणे वापरत. आता यातलं खरं किती नि मीठमसाला किती, याची चौकशी करायची नसते. फुंक दांडगी होती, एवढं मात्र खरं.

पुढे लोक लग्नात फोनवरच गाणी लावू लागले. बँड मोडला. भोंग्या ट्रंपेट काखोटीला मारून दादा-वहिनीच्या घरी आला, तो तिथलाच झाला.

दादाचं घर म्हणजे खालच्या खोलीत कारखाना आणि वर झोपायला माळा. सगळी गल्ली तशीच. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला काचेची उंच इमारत होती, फोन आणि कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीची. लोकांना नको झालेले जुने फोन, फुटके कॉम्प्युटर कंपनी परत घेई आणि पोत्यांत भरून या गल्लीत पाठवी. इथे आतला हिरवा बोर्ड तापल्या पत्र्यावर ठेवायचा, कथील वितळलं की चिमट्यानं एकेक भाग उपटायचा, आणि उरलेलं ॲसिडच्या टबात सोडायचं. टबाच्या तळाशी नखाच्या मळाएवढं सोनं बसे. धूर मात्र भरपूर मिळे. तो पिवळट असे आणि गोडसर लागे. नवख्याला वाटे, कुणी साखर जाळतंय.

कंपनीत म्हणे एक आख्खा मजला जबाबदारीचा होता. सामाजिक जबाबदारी एका बाजूला, पर्यावरणाची दुसऱ्या बाजूला. बाकीच्या मजल्यांवर ती सांडू नये म्हणून सगळी तिथेच ठेवलेली. तिथले लोक गल्लीत येऊ लागले, तेव्हा गल्लीनं त्यांचं नावच ‘जबाबदारीवाले’ पाडलं. त्यांचा साहेब गोड माणूस. समोरच्याचे हात काळे असले तरी हातात हात देई आणि नंतर गाडीत बसूनच पुसे. त्यांनी धूर ओढायचे पंखे बसवले. पंखे गल्लीच्या या टोकाचा धूर उचलून त्या टोकाला नेऊन पोचता करत. त्या टोकाचे पंखे तो सौजन्यानं परत पाठवत.

मग त्यांनी गल्लीच्या तोंडाशी दवाखाना काढला, आणि तो खरोखर चांगला होता. एक डॉक्टरीणबाई, आणि तिच्या खोलीत श्वासाच्या दोन खुर्च्या. खुर्चीमागच्या यंत्रातून नळी यायची, ती नाकाला लावून बसलं की छातीतली सुरी कुणीतरी हळूच बाहेर काढल्यासारखं वाटे. खुर्चीत कुणीही बसावं, नाव नाही, गाव नाही. दादा रोज दुपारी जाऊन बसे.

पण दवाखान्याबरोबर एक नियमही आला. काम करणाऱ्या प्रत्येकानं एका नळीत फुंक मारायची. काचेत एक लाल गोळी असे, ती फुंकेबरोबर वर चढे. वरच्या रेघेपर्यंत गेली तर हिरवा बिल्ला, आणि बिल्ला असेल त्यालाच पोती. गोळी खाली राहिली तर त्या माणसानं विश्रांती घ्यायची. विश्रांती म्हणजे जबाबदारीवाल्यांच्या मते प्रकृतीची काळजी. गल्लीच्या मते विश्रांती म्हणजे चूल बंद.

दादानं घरीच एका नळकांडीत फुंकून पाहिलं. नळकांडीतला कागदाचा बोळा जागचा हलला नाही. उलट दादाच खोकत खोकत भिंतीला टेकला.

वहिनीनं भोंग्याकडे पाहिलं. “भाऊजी, तुमच्या छातीत तो वारा नुसताच पडून आहे ना?”

“पडून कशाला? जपून ठेवलाय.”

“मग थोडा तुमच्या भावाला उसना द्या.”

“अगं, पकडतील,” दादा म्हणाला.

“पकडतात कसले! फुंकायचं पडद्याआड आहे. मी बघून आले.”

आणि ते खरं होतं. फोन हातात धरणारा माणूस काय खातो, कुणावर रुसतो, रात्री कुशीवर कधी वळतो हे सगळं ठाऊक असलेल्या कंपनीला गरिबाचं तोंड बघायचा मोठा संकोच वाटे. माणसाचा मान राखायचा म्हणून फुंकायच्या जागी जाड पडदा लावला होता. आत बाकडं, पडद्यातून आत आलेली नळी, आणि बाहेर गोळीकडे बघणारा साहेब. भोंग्या सकाळीच आत शिरून बाकड्याखाली बसला. दादा आत आला, बाकड्यावर बसला, आणि खालून भोंग्यानं अशी फुंक मारली, की गोळी काचेच्या टोकाला आपटून टिंग वाजली.

“शाबास!” साहेब बाहेरून ओरडला.

दादा हिरवा बिल्ला लावून बाहेर पडला, आणि पुढचा माणूस आत आला तो बाकड्याखाली वाकूनच. “भोंग्या, माझीही मार की रे.” गल्लीत गुपित राहतं कुठे? संध्याकाळपर्यंत भोंग्यानं गल्लीभराची फुंक मारली. साठी उलटलेल्या आत्याबाईंची पाळी आली तेव्हा तो इतका रंगात आला होता, की गोळी काच फोडून छताला चिकटली. साहेबानं टोपी काढली. आत्याबाई पडद्याबाहेर आल्या आणि म्हणाल्या, “लहानपणापासून दूध पिते हो मी.”

दुसऱ्या वर्षी पुन्हा तपासणी, पुन्हा तेच. गल्लीची घडी बसली. पोती भोंग्याच्या फुंकेवर यायची आणि माणसं दवाखान्याच्या खुर्चीवर तगायची. डॉक्टरीणबाईंना मात्र हे कोडं उलगडत नव्हतं. एकदा त्यांनी दादाला विचारलं, “तुमची फुंक पैलवानाची, आणि रोज खुर्ची कशाला हो अडवता?”

“इथे पंखा चांगला आहे, बाई,” दादा म्हणाला. एवढं बोलायलाही त्याला दोनदा थांबावं लागलं.

त्या दुसऱ्या तपासणीनंतर दादा पत्र्यापुढून उठला तो परत बसलाच नाही. खाली वाकलं की डोळ्यांपुढे अंधारी येई. मग त्याच्या जागी भोंग्या बसला. बिल्ला दादाचा, चिमटा भोंग्याच्या हातात. वर्षभर तो त्या गोडसर धुरात वाकून बोर्ड सोलत होता. ट्रंपेट माळ्यावर पडून होतं, त्याला फुरसत नव्हती. जिना चढताना दम लागला की तो वहिनीच्या स्वयंपाकाला दोष देई. “वहिनी, जड जेवण घालता तुम्ही.”

“हो, हत्तीला घालते तेवढं घालते. पाय उचला.”

तिसऱ्या वर्षी तपासणी आलीच नाही. आला तो साहेब, हारतुऱ्यांसारखं हसू घेऊन, आणि त्याच्यामागे एक ट्रक. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यानं सांगितलं, की या गल्लीची फुप्फुसं कंपनीच्या पंख्यांमुळे इतकी सुधारली आहेत की अहवालात पहिल्या पानावर आली आहेत, आणि आत्याबाईंचा फोटोसुद्धा आहे. तेव्हा आता दवाखाना इथे ठेवणं हा दुसऱ्या गरजूंवर अन्याय होईल. तो दूरच्या एका वस्तीत जातोय. हमाल आतून कपाटं उचलू लागले होते.

वहिनी धावत घरी आली. भोंग्या पत्र्यापुढे होता, दादा भिंतीला टेकून.

“खुर्च्या नेतायत,” ती म्हणाली. “भाऊजी, खुर्ची गेली की हे आठवडा काढायचे नाहीत. उठा. जाऊन सांगा खरं.”

“पोती बंद होतील, वहिनी. सगळ्यांची.”

“होऊ देत. मी आणलंय हे आपल्यावर, मला ठाऊक आहे. उठा म्हणते ना!”

भोंग्या उठला. वाटेत आत्याबाईंनी त्याची बाही धरली. गल्लीला वास लागला होता. “मेल्या, तोंड उघडलंस तर बघ. एकट्या भावासाठी सगळ्यांच्या तव्यावर पाणी ओतशील?”

“आत्याबाई, तुम्हाला मी घोड्याची छाती दिली. आज भावाला माणसाची मिळू दे,” तो म्हणाला आणि बाही सोडवून गेला. त्याच्यामागून दादाला धरून वहिनी निघाली.

दवाखान्याबाहेर साहेब आणि डॉक्टरीणबाई उभे होते. भोंग्यानं एका दमात सांगायचं ठरवलं होतं. ते तीन दमांत झालं. बाकडं, पडदा, पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, सगळं. “गल्लीत एकाचीही छाती धड नाही, साहेब. जी गोळी चढली ती सगळी माझी फुंक. दवाखाना नेऊ नका.”

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. त्यांचं कोडं सुटलं होतं. पण साहेबाच्या कपाळावर आठ्या पडल्या. रागाच्या नव्हेत, नीट विचार करणाऱ्या माणसाच्या.

“हे फार गंभीर आहे,” तो म्हणाला. “तुमचं ऐकून मी सगळं थांबवू शकतो. माझ्या हातात आहे ते. पण खात्री करून घ्यायला हवी ना? ज्यानं गल्लीभराची फुंक मारली, त्याला एक फुंक काय जड?”

“काहीच जड नाही,” भोंग्या म्हणाला.

ट्रकमधून फुंकायचं यंत्र खाली उतरवलं. या वेळी पडदा नव्हता. सगळी गल्ली गोळा झाली. आत्याबाईसुद्धा. भोंग्यानं मनगटानं तोंड पुसलं, पाय रोवले, बँडच्या पहिल्या रांगेत उभा राहायचा तसा उभा राहिला आणि फुंक मारली.

गोळी थरथरली. खालच्या रेघेपर्यंत गेली, तिथे क्षणभर रेंगाळली आणि परत येऊन बसली.

“थांबा,” भोंग्या म्हणाला. “ओठ सुकलेत. वर्षभर वाजवलं नाही ना.”

त्यानं ओठ ओले केले. पुन्हा फुंकलं. आता गोळी खालच्या रेघेपर्यंतही गेली नाही. तिसऱ्यांदा त्यानं छाती भरायला घेतली, तर ती भरेचना. आतून काहीतरी कापडासारखं फाटत गेलं आणि तो गुडघ्यांवर हात ठेवून खोकत राहिला. जमिनीवर पडलं ते काळं होतं. गर्दीत कुणी हसलं नाही. वहिनीनं तोंडावर पदर धरला होता.

साहेबानं वाकून त्याच्या पाठीवर हात ठेवला. “समजतं मला,” तो हळू आवाजात म्हणाला. “भावासाठी खोटं बोललात. असं प्रेम हल्ली बघायला मिळत नाही. मी कुणालाही सांगणार नाही, पोतीही चालू राहतील.” मग हमालांकडे वळून, “उचला रे.”

“साहेब,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तो खरं बोलतोय. त्याची ही अशी छाती कशानं झाली, हे तरी बघा.”

“एका माणसासाठी दवाखाना ठेवता येत नाही, बाई. बाकीची गल्ली ठणठणीत आहे. आकडे तुमच्याच दवाखान्याचे आहेत.”

“मग एक खुर्ची तरी ठेवा.”

“त्या आता आपल्या नाहीत. त्या वस्तीच्या आहेत. आपण त्यांना शब्द दिलाय.”

साहेब गाडीत जाऊन बसला आणि हात पुसू लागला. डॉक्टरीणबाई ट्रकपाशी गेल्या, चालकाशी काहीतरी बोलल्या. चालक बिडी पेटवत म्हणाला, “दोर बांधेपर्यंत वेळ आहे. बसतोय तर बसू दे.” मग हमालांनी दादाला काखेत धरून वर चढवलं, आणि कपाटं, टेबलं, गुंडाळलेला पडदा यांच्या मधोमध तो खुर्चीत बसला. बाईंनी यंत्र सुरू करून नळी त्याच्या नाकाला लावली. दादाच्या निळसर ओठांवर हळूहळू रंग आला. तो ट्रकवरून गल्लीकडे असा बघत होता, जणू मिरवणूक त्याचीच आहे.

खाली भोंग्या चाकाला टेकून बसला होता. खोकला थांबत नव्हता. दादानं त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं स्वतःच नळी काढली.

“ए भोंग्या. वर ये.”

“का?”

“ये म्हणतो ना. थोरल्याचं ऐकायचं.”

“दादा, तू बस. दोर बांधून झाले की निघतील ते.”

“म्हणूनच म्हणतो. वेळ घालवू नकोस. माझं काय, मी जन्मभर तुझ्याच वाऱ्यावर उडतोय.” तो हसायला गेला आणि धापच लागली. “अहो, चढवा त्याला.”

“चढा, भाऊजी,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता.

हमालांनी एकाला उतरवलं आणि दुसऱ्याला चढवलं. बाईंनी नळी पुसली, भोंग्याच्या नाकाला लावली. पहिला श्वास आत गेला, तसा तो दचकलाच. इतका वारा असतो, हे तो विसरून गेला होता. त्यानं डोळे मिटून दुसरा घेतला, तिसरा घेतला, अधाशासारखा. डोळे उघडले तेव्हा हमाल शेवटची गाठ मारत होता आणि खाली दादा ट्रकच्या फळीला दोन्ही हातांनी धरून उभा होता, तोंड उघडं टाकून, माशासारखा.

“झालं का?” चालकानं विचारलं.

“नाही,” दादा खालून म्हणाला. “अजून घेऊ दे त्याला.”