सातव्यांदा तीच जाहिरात

"आधी फोन करायचा, मगच माणूस काढायचा," व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ऋतुजाकडे सोपवताना आधीच्या अ‍ॅडमिन कमरजहांआपा म्हणाल्या होत्या.

कोथरूडच्या 'गच्चीवरची बाग' ग्रुपवर भैरूकाकांनी गांडूळखताची तीच जाहिरात सकाळपासून सातव्यांदा टाकली. "हा बागेचा ग्रुप आहे की मंडई? काढा त्यांना!" म्हणून सगळे ऋतुजाच्या मागे लागले. तिने काकांना फोन लावला.

"ताई, कुनी हूं का चूं करीना. मला वाटलं, मेसेज जातच न्हाय!"

ऋतुजाला हसू आलं. आपांनी माणसं किती नेमकी ओळखली होती!

"काका, जातोय हो. आता फक्त रविवारी एकदाच टाका. आणि तुमचं खत बघायला मी आजच येते."

सहा जाहिराती पुसून तिने चपला घातल्या आणि ती काकांच्या कर्वेनगरच्या घराच्या वाटेला लागली.