गळा दाबण्याचा प्रवेश

तीन वर्षं ऑपेराच्या कोरसमध्ये घसा कोरडा करूनही चिमणीच्या बायोडेटावर सांगण्यासारखं काही जमलं नव्हतं. कोरस, पुन्हा कोरस, दुसरी दासी आणि बदली गायिका; तीही अशा बाईची, जिला कधी साधी शिंकसुद्धा आली नाही. काटकुळी म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत, पण आवाज छप्पर उडवणारा. ऑडिशनला मात्र कागदावरून नजर फिरायची आणि गोड बोलून तिला वाटेला लावलं जायचं.

म्हणून तालमी अर्ध्यावर असताना नायिका काम सोडून गेली आणि दिग्दर्शकाने चिमणीला बोलावलं, तेव्हा तिने का, कसं, काही विचारलं नाही.

का ते पहिल्याच तालमीत कळलं. शेवटच्या अंकात सेनापती फितूर बायकोचा, म्हणजे नायिकेचाच, गळा दाबतो. सेनापती झालेला गायक नावाजलेला आणि आडदांड. पाठीमागे सगळे त्याला रेडा म्हणत. त्याने खरोखरच दाबला. अंगठे गळ्यात रुतले, तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, टाचा फळ्यांवर आपटत राहिल्या.

"जरा हळू," सुटल्यावर ती खोकत म्हणाली.

"खोटं खोटं मरायचं असेल तर घरी भातुकली खेळ," रेडा म्हणाला.

दिग्दर्शक खूश. "वा! आज मरण मरणासारखं दिसलं."

घरी थोरल्या बहिणीने तिचा स्कार्फ ओढला. मानेवर बोटांचे काळेनिळे वळ.

"हे काय गं?"

"चार प्रयोग आहेत, ताई. मुख्य भूमिका. एवढी एक ओळ बायोडेटावर पडू दे."

"आणि गळाच गेला, तर ती ओळ चाटत बसणारेस?"

चिमणीने स्कार्फ पुन्हा गुंडाळला.

पहिल्या प्रयोगाला थिएटर गच्च भरलं होतं. दुसऱ्या अंकात टाळ्या पडल्या त्या चिमणीला, आणि विंगेत रेड्याच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. शेवटच्या प्रवेशात त्याने तिला पलंगावर आदळलं तेव्हाच ती समजून चुकली. त्याचे गुडघे तिच्या बरगड्यांवर, दोन्ही हात गळ्यावर. वाद्यवृंद तिच्या अखेरच्या सुरासाठी थांबला. सूर कुठून निघणार, श्वासच नव्हता.

"गा की आता," तो दातओठ खात पुटपुटला.

ती त्याच्या मनगटाला कडाडून चावली. रक्त तोंडात आलं तरी सोडलं नाही. त्याने कानशिलावर ठोसा हाणला. तिच्या हाताला उशाचा पितळी दिवा लागला. तो तिने होती नव्हती ती ताकद लावून त्याच्या तोंडावर घातला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला. प्रेक्षक उठून टाळ्या वाजवू लागले.

पडदा पडताच तो रक्ताळल्या तोंडाने पुन्हा तिच्या अंगावर धावला. पण कोरसच्या बायका मध्ये घुसल्या. कुणी केस धरले, कुणी पोटात लाथ घातली. तो खाली पडला तरी त्या थांबेनात. शेवटी नेपथ्याच्या सुतारांनी त्यांना ओढून बाजूला केलं.

दिग्दर्शकाने चिमणीला जागच्या जागी हाकललं. डॉक्टरांनी दोन महिने बोलायलाही बंदी केली. तोंड बंद, म्हणून पोलिसांत तिच्या वतीने ताई बोलली. आणि न बोलावता ती आधीची नायिकाही आली. कॉलर खाली करून तिने आपल्या मानेवर राहिलेले नखांचे व्रण दाखवले. मग कुणाची टाळाटाळ चालली नाही. रेड्याला ऑपेरा कंपनीने काढलं आणि खटलाही उभा राहिला.

चिमणीचा आवाज परतला, पण वरच्या पट्टीला जरासा चिरका. त्या आवाजावर एका छोट्या ऑपेरा कंपनीने तिला खलनायिकेची भूमिका दिली. ती बायोडेटावर त्या एका प्रयोगाची ओळ घालत होती, तेव्हा ताई म्हणाली, "हे कशाला लिहितेस?"

"कारण दोन अंक मी फार छान गायले होते," चिमणी म्हणाली.