हाडाची शिट्टी

"नाणी? ताई, नाण्यांनी हल्ली एक पावही येत नाही." हेडफोनमधून दलाल हसला. "शिट्ट्या आणा. थैली भरून."

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. दुपारच्या सुट्टीत मशीनशेजारच्या स्टुलावर बसून ती मोबाईलवरच्या एका गेममध्ये, तळ्याकाठच्या निळ्या दाराच्या घरासमोर उभी होती. घर तिच्या धाकट्या भावानं बांधलेलं. मूत्रपिंडं निकामी झाल्यावर पलंगावरून उठवेना, तेव्हा तो त्याच घरात राहायचा. "अक्का, आतल्या भिंतीवर तुझ्यासाठी लिहिलंय, येऊन वाच ना," म्हणायचा. तिला कधी सवड झाली नाही. तो गेला, खातं पडून राहिलं, नियमाप्रमाणे घर लिलावात निघालं आणि या दलालानं उचललं. आता आत जायचं तर तिला ते त्याच्याकडून विकत घ्यावं लागणार होतं. हाच माणूस भावाचा जिवलग मित्र म्हणून श्रद्धांजली लिहायला सगळ्यांच्या पुढे होता. तिला त्याची किळस यायची. त्याच्याशी गोड बोलावं लागतं, याची त्याहून जास्त.

तिथल्या नाण्यांची माती लोकांनीच केली होती. मारलेल्या प्रत्येक राक्षसाच्या अंगातून नाणी पडत. मग काही बहाद्दरांनी राक्षस मारायला यंत्रंच लावली आणि स्वतः झोपा काढल्या. नाण्यांना कुणी विचारेना, तेव्हा बाजारानं हाडाची शिट्टी धरली. ती मिळायला कठीण, वाजवली की मोडणारी, म्हणून तिचा भाव टिकून होता. खरं तर ती सोबत्याला द्यायची वस्तू. देणाऱ्याचं नाव तिच्यावर कोरलेलं असे. वाजवली की तो असेल तिथून धावत येई. पण तिला पैशाची किंमत आल्यावर ती वाजवतो कोण?

भावानंही तिला एक दिली होती. "काही अडलं तर वाजव. सलाईन लावलेली असली तरी येतो."

तिनं शिट्ट्या जमवायला घेतल्या. गेममध्ये इतरांसाठी दिवे घडवले, त्यांचं सामान वाहिलं, पोरासोरांची बोलणी खाल्ली. नवरा भाजी चिरता चिरता चिडवायचा, "सासर झालं, माहेर झालं, आता तिसरं घर घेतेस म्हणे?" पण तिचा डबाही तोच भरून द्यायचा.

थैली भरत आली आणि एकच कमी पडली. दलाल म्हणाला, "आज घराला दुसरं गिऱ्हाईक येतंय, बघा बुवा." तिनं भावाची शिट्टी थैलीत टाकली. व्यवहार झाला की बदली शिट्टी देऊन ती परत मागून घेऊ, असा तिचा हिशोब. दुकानात प्रत्येक काच ज्याच्या त्याच्या पाकिटात राहते. कुणाची काच कुणाच्यात मिसळत नाही. गेममध्ये मात्र थैलीत पडलेल्या सारख्या वस्तूंचा एकच ढीग होतो आणि नावं पुसली जातात, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

ती थैली घेऊन निळ्या दाराशी गेली.

"शिट्ट्या?" दलाल म्हणाला. "अहो, सकाळपासून रद्दी झाली त्यांची. पुलावरून शिट्टी टाकायची आणि नेट बंद करायचं, एकीच्या दोन होतात. सगळा बाजार पुलावर लोटलाय."

"तुम्हीही?"

"मी काय मूर्ख आहे, न करायला? आता खरे पैसे बोला ताई. बँकेतले." त्यानं आकडा सांगितला. तेवढ्या पैशांत तिच्या आणि नवऱ्याच्या खोलीचं वर्षाचं भाडं निघालं असतं.

"तुम्ही त्याचे मित्र ना हो?"

"मैत्री वेगळी, धंदा वेगळा."

निदान भावाची शिट्टी तरी वेगळी ठेवू म्हणून तिनं थैली उघडली. एकीवरही नाव नव्हतं. तिनं एकेक शिट्टी मोठी करून पाहिली. जन्मभर काचेवरचा केसाएवढा ओरखडा शोधणारी तिची नजर, पण इथं शोधायला काही नव्हतंच. सगळ्या सारख्या, गुळगुळीत. त्यांतली त्याची कुठली आणि पुलावरून आलेली कुठली, ते कळायला मार्ग नव्हता. तिला त्या दलालाची शिसारी आली, त्या बाजाराची आली, आणि थैलीत हात घालणाऱ्या स्वतःचीही आली.

मग तिनं पहिली काढली आणि वाजवली. बारीक, लांब आवाज तळ्यावर गेला. शिट्टी मोडली. तिनं दुसरी वाजवली.

गेममधल्या रस्त्यावरची माणसं थांबली. "हा कसला आवाज?" कुणीतरी विचारलं. त्यांतल्या प्रत्येकाकडे ढिगानं शिट्ट्या होत्या, पण वाजलेली कुणीच ऐकली नव्हती.

"ताई, पुरे करा," दलाल वैतागला. "गिऱ्हाइकं बिचकतायत माझी."

"भावाला बोलावतेय," ती म्हणाली. "तुमचाही जिवलगच ना? थांबा की, भेटून जा."

दलालाचा माइक बंद झाला. निळं दार बंदच होतं. चष्म्याच्या दुकानाच्या मालकानं काउंटरवरून हाक मारली, गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून. "आले," म्हणून तिनं थैलीतून पुढची शिट्टी काढली.