टिकटिकबाबांची पारख

वाचनालयाच्या हॉलमध्ये त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. थंडीचे दिवस, सकाळची वेळ, तरी लोक मफलर गुंडाळून हजर होते, आणि प्रत्येकानं घरातलं काही ना काही जुनं उचलून आणलं होतं. कुणी पणजोबांचा चष्मा, कुणी दांडा तुटलेली पितळी दुर्बीण, तर कुणी कान उडालेली चिनी मातीची किटली. पण खरा मान होता तो साखळीच्या घड्याळांना. वर्षानुवर्षं कपाटात मुक्या पडलेल्या घड्याळांत टिकटिकबाबा म्हणे प्राण फुंकत होते.

दारावर पाटी होती : 'जुन्या वस्तूंची पारख व मूल्यांकन. आत्मशक्तीने. मोफत.' मोफत हा शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरांत होता.

तिसऱ्या रांगेत दातबाई बसल्या होत्या. दातांच्या डॉक्टर, म्हणून गावानं ठेवलेलं हे नाव. त्यांना खरं तर दवाखाना उघडायचा होता, पण आत्याला एकटीनं यायचं नव्हतं आणि आत्याचा शब्द त्यांना मोडवत नव्हता. आत्याच्या मांडीवर रुमालात गुंडाळलेलं पिवळंधमक खिशातलं घड्याळ होतं. आतोबांचं. त्यांना जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

स्टेजवर शाल पांघरलेले टिकटिकबाबा दोन्ही हातांत चहाचा पेला धरून डोळे मिटून बसले होते. पहिला नंबर शिंप्याचा लागला. त्याचं निकेलचं घड्याळ बाबांनी मुठीत घेतलं, हळूहळू गोल फिरवलं आणि पुटपुटायला सुरुवात केली.

"काळ वाहतो असं लोक म्हणतात. चूक. काळ बसतो. तुझ्या आजोबांचा काळ या डबीत बसलाय. उठा आजोबा, उठा."

थोड्या वेळानं शिष्यानं माईक मुठीजवळ नेला. टिक, टिक, टिक. हॉलभर एक सुस्कारा गेला.

"आजोबा म्हणतात, शिलाईकडे लक्ष दे," बाबा म्हणाले.

"आजोबा तर पोस्टात होते," शिंपी म्हणाला.

"म्हणूनच त्यांना काळजी वाटते," बाबा जराही न डगमगता म्हणाले. "वस्तूचं मोल सामान्य. आत्मा मुक्त आहे. घेऊन जा."

मग एका म्हातारीचं चांदीचं घड्याळ आलं. तेही टिकटिकलं, पण बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. या घड्याळातला आत्मा अडकला होता. घड्याळ ठेवून जावं लागणार होतं. म्हातारीनं ते मुकाट्यानं शिष्याच्या पेटीत टाकलं. तेवढ्यात दुसऱ्या शिष्यानं बाबांचा चहा बदलला. भरलेला पेला गेला, वाफाळता भरलेला पेला आला. ही काय पद्धत, असं दातबाईंच्या मनात येऊन गेलं, पण तोवर आत्याचा नंबर आला होता.

बाबांनी पिवळं घड्याळ हातात घेतलं तेव्हा त्यांचे डोळे मिटायचे विसरले. मग आठवण होऊन मिटले. पुटपुटणं झालं, फिरवणं झालं, माईक आला. टिक, टिक, टिक. आत्यानं दातबाईंचं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली.

"ताई, हा जीव सोन्यात गुंतलाय," बाबा कळवळून म्हणाले. "त्याला शेवटचं काही बोलायचं राहिलंय. घड्याळ ठेवून जा, मी त्याला मोकळा करतो."

आत्याचा हात पेटीकडे गेलाही होता. दातबाई मध्ये पडल्या. "महाराज, आज घरी राहू दे. उद्या आणून देते."

"उद्याच," बाबा म्हणाले. "परवा आमचा मुक्काम हलतो."

घरी पोचायच्या आत घड्याळ पुन्हा बंद पडलं. आत्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि रडू लागली. "बघ, रागावले ते. उगाच परत आणलंस."

"अगं आत्या, ते घड्याळ कधीचं बंद आहे. तूच म्हणाली होतीस, चावी जास्त बसली म्हणून."

"ते गेले तेव्हा मी औषध आणायला खाली गेले होते," आत्या म्हणाली. "काय म्हणाले असतील, कुणास ठाऊक. आता कळेल तर तू आडवी येतेस."

बाबाला भोंदू म्हणणं सोपं होतं, पण आत्याला काय सांगायचं? शिवाय घड्याळ चाललं होतं, हे त्यांनीही आपल्या कानांनी ऐकलं होतं. चडफडत त्या दवाखान्यात गेल्या.

दुपारी एका आजोबांच्या कवळीचं माप घ्यायचं होतं. थंडीनं मेणाची पट्टी दगडासारखी झाली होती. बाईंनी सवयीनं कोमट पाण्यात हात बुडवले, पुसले आणि पट्टी तळहातात धरून बसल्या. हळूहळू मेण नरम झालं, मग वाकलं. बाई त्या मेणाकडे बघतच राहिल्या. खुर्चीतले आजोबा तोंड उघडं ठेवून वाट बघत होते.

"आजोबा, तोंड मिटा," बाई म्हणाल्या. "मला आधी चहा सांगायचाय."

चहा आला. बाईंनी त्याला तोंड लावलं नाही. पेला दोन्ही हातांत धरला आणि खुशीत हसू लागल्या.

दुसऱ्या दिवशी आत्याला घेऊन त्या हॉलमध्ये सगळ्यांच्या आधी हजर होत्या, आणि पहिला नंबर त्यांनी लावला. बाबांपुढे त्यांनी एक चांदीचं घड्याळ ठेवलं. "हे कुणाचं ते तुम्हीच सांगा, महाराज. मी काही बोलत नाही."

घड्याळ टिकटिकलं. बाबांचा आवाज जड झाला. "गेलेला माणूस. फार प्रेमळ. छातीत कळ आली आणि सगळं संपलं. म्हणतोय, मला विसरू नका."

"मी असं काही म्हटलेलं नाही," तिसऱ्या रांगेतून आवाज आला. शाळेतले निवृत्त गणिताचे सर शेंगदाणे खात बसले होते. "घड्याळ माझं आहे."

हॉल खदखदला. बाबांनी घाम पुसला. "आधीचा मालक बोलतोय."

"दुकानातून नवं कोरं घेतलं होतं मी," सर म्हणाले. "डबीसकट. आधी कुणी मालक असेल तर तो दुकानदार, आणि तो काही प्रेमळ नव्हता."

"महाराज, चहा घ्या ना," दातबाई गोड आवाजात म्हणाल्या. "कालपासून बघतेय. पेले येतात, पेले जातात, घोट एक नाही. चहा प्यायला आहे की हात शेकायला?"

मग त्या लोकांकडे वळल्या. "ज्यांच्याकडे बंद घड्याळं आहेत त्यांनी चावी द्या, दोन्ही मुठींत घट्ट धरा आणि जरा हलवत राहा. मंत्र नको. हवं तर शेजाऱ्याशी गप्पा मारा."

लोक हसले, पण मुठी मिटल्या. शिंप्यानं शेजाऱ्याला चोळीच्या कापडाचा भाव सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच गप्प झाला. त्याच्या मुठीत टिकटिक सुरू झाली होती. मग मागच्या रांगेत एक, खिडकीपाशी एक. सगळी नाही, तीन-चार हट्टी घड्याळं मुकीच राहिली, पण बाकीच्यांनी असा काही कलकलाट केला की पंखा असता तर तोही ऐकू आला नसता.

"घड्याळात तेल असतं," बाई म्हणाल्या. "वर्षानुवर्षं पडून ते मेणासारखं घट्ट होतं आणि चाकं अडकतात. आपण म्हणतो, चावी जास्त बसली. तसं काही नसतं. स्प्रिंग ताणलेली असते, फक्त वाट मिळत नाही. हाताच्या उबेनं तेल सैल होतं, हलवल्यानं चाकाला धक्का बसतो आणि घड्याळ चालतं. घरी जाईपर्यंत गार होऊन पुन्हा बंद. आत कुणी आजोबा नाहीत. असले तर उबेला आलेत."

"श्रद्धा नाही तिथे आम्ही थांबत नाही," म्हणत बाबा उठले. दाराशी शिंप्यानं खुर्ची आडवी टाकून ठेवली होती. "बसा महाराज," तो म्हणाला, "काळ बसतो."

दातबाईंनी शिष्याची पेटी उघडली. "बघा. निकेलच्या घड्याळातला आत्मा जागच्या जागी सुटतो. लोखंडाच्या, पितळेच्या, सगळ्यांतला सुटतो. अडकतो तो फक्त चांदीत आणि सोन्यात. असं का, महाराज?"

"तुमच्याही सोन्यात अडकला होता ना," कुणीतरी आत्याकडे बघून म्हणालं.

आत्या मूठ मिटून बसली होती. "आमचं सोन्याचं नाही हो," ती म्हणाली. "मुलामा आहे. बिजागरीपाशी पितळ दिसतं, मला लग्नाच्या दिवसापासून माहीत आहे."

एवढी मोठी पारख, आणि मुलामा ओळखता आला नाही. मग मात्र हॉलचं हसू आवरेना. बाबांचं पुढचं मूल्यांकन पोलीस चौकीत झालं.

गर्दी पांगली तरी आत्या खुर्चीतच होती. दातबाईंना तिच्याकडे बघायचा धीर होत नव्हता.

"हे माझ्या हातानं चालू झालं," आत्या मूठ उघडून म्हणाली.

"हो."

"त्यांना काही बोलायचं नव्हतं."

"घड्याळाला नाही कळत गं ते."

आत्यानं घड्याळ कानाशी धरलं. "बोलायचं मलाच होतं," ती म्हणाली. "खाली जाताना मी नुसतं 'आले' म्हटलं होतं. तेवढंच."

दातबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग मला सांग," त्या म्हणाल्या, आणि आत्यानं सांगितलं. घड्याळजीकडे जाईपर्यंतच्या सगळ्या वाटेवर ती सांगत होती. घड्याळजीनं जुनं तेल धुऊन नवं घातलं, आणि ते घड्याळ आता रोज चालतं, दिवसाला थोडं मागं पडतं एवढंच.

आत्या काही मूर्ख नव्हती, आणि ती चांदीवाली म्हातारीही मूर्ख नव्हती. ज्याचं बोलायचं राहून गेलंय त्याचाच हात अशा पेटीकडे पटकन जातो, हे भोंदूंना आपल्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून दुःखात असलात तरी एक प्रश्न जवळ ठेवा, आणि तो मोठ्यानं विचारा : महाराज, आत्मा नेमका किमती वस्तूतच का अडकतो? उत्तर येईपर्यंत घड्याळ आपल्या मुठीत राहू द्या.