पाणचक्कीकडे जाणारी वाट

धाकट्या भावाला आपल्या कामाचा अभिमान होता, आणि तो अनाठायी नव्हता. पायी भटकणाऱ्यांना रानातल्या आणि जुन्या वास्तूंच्या वाटा दाखवणारे एक ॲप होते. नकाशा घरूनच उतरवून घ्यायचा. मग नेटवर्क नसले तरी फोन वाट दाखवी आणि ठिकाण आले की त्याची हकिगतही ऐकवी. वाटा आखणे आणि हकिगती आपल्या आवाजात सांगणे, दोन्ही त्याच्याकडे. वडिलांची बंद पडलेली पाणचक्की त्याने त्यात घेतली, तेव्हा वाट कुठून न्यावी याचा विचारही करावा लागला नाही. फाटकातून अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीखालून थेट ओढ्यावर. लहानपणी तो असाच धावत सुटे.

त्या घरात ताई राहत होती. वडिलांचे शेवटपर्यंत तिनेच केले आणि मग ती तिथेच राहिली. तिला विचारावे असे त्याच्या मनातही आले नाही. आपल्याच घरातून वाट काढायला परवानगी कसली मागायची?

अंगणातून लोक जातात, अशी तिने फोनवर दोनतीनदा कुरकुर केली. एकटीला तेवढीच माणसांची जाग, असे म्हणून त्याने ती हसण्यावारी नेली. पुढे तिचे फोन येईनासे झाले, तेव्हा मात्र तो चरकला आणि येऊन थडकला.

भर दुपारी खिडकीचा पडदा ओढलेला होता. कपडे आतच, चुलीच्या वरच्या दोरीवर वाळत होते. त्याने ते पाहिले आणि तरीही वाद घातलाच: कुंपण घाल, पाटी लाव, वास्तू सगळ्यांची असते. ताई शेंगा सोलत ऐकत राहिली.

एवढ्यात अंगणात पावले वाजली, आणि खिडकीखालून त्याचाच आवाज आला, संथ, कमावलेला: "हे चक्कीवाल्याचं घर. त्याच्यामागे ते ओसाड पडलं. आता इथे कोणी राहत नाही."

त्याची मान खाली गेली. नुसत्या दगडांपाशी कोणी थांबत नाही, ओसाड म्हटले की लोक कान देतात, असे काहीबाही तो पुटपुटला.

"पहिल्यांदा ऐकलं ना," ताई म्हणाली, "तेव्हा वाटलं तूच आलास. पिठाच्या हातांनीच दार उघडलं मी."

"उद्याच काढून टाकतो, ताई."

"मग येणार नाहीत?"

कामाच्या बाबतीत खोटे बोलणे त्याला जमत नसे. ज्यांनी नकाशा आधीच उतरवून घेतला आहे, त्यांच्या फोनमध्ये तो तसाच राहणार होता. नवा घ्यायची तसदी फार थोडे घेत. त्याने तसे सांगितले. तिने मान डोलावली, जणू तिला हे ठाऊकच होते.

बाहेर कोणीतरी काचेला नाक लावून पडद्याच्या फटीतून आत पाहू लागले. तो तावातावाने उठला. ताईने त्याची बाही धरली.

"बस खाली," ती कुजबुजली. "माणूस दिसलं की रेंगाळतात. फोटो काढतात, चक्की कशी फिरायची ते विचारतात. कोणी नाही असं वाटलं की लवकर जातात."

ती भिंतीला टेकून, फटीतून दिसणार नाही अशा बेताने बसली होती. तिची ती रोजचीच जागा असावी. भिंतीवर पाठीचा डाग पडला होता. शब्दाला शब्द लावून भांडणारा भाऊ तिच्या शेजारी सरकला आणि श्वास रोखून बसून राहिला.