पालकाची सही

लोक म्हणतात, मालनबाईनं मोठं धैर्य दाखवलं. डोंबलाचं धैर्य! त्या दिवसांत मी चुलीवरचा तवा नुसत्या हातानं उचलायची आणि चटका बसलाय हे मला दुपारी कळायचं. नवरा जाऊन तीन महिने झाले होते. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती. राग होता, पण तोही नुसता तोंडात, आत काही नाही. अशा बाईनं काही केलं तर त्याला धैर्य म्हणू नये.

चोपन्न सालची गोष्ट. आम्ही घाटकोपरला भटवाडीत राहायचो. माझा नवरा शांतवन काचेच्या कारखान्यात भट्टीवर होता, तो मार्चमध्ये तापानं गेला. मी एका प्रसूतिगृहात आया. एकच मुलगी, क्षमा. जूनमध्ये मॅट्रिकचा निकाल लागला आणि पोरगी शाळेत दुसरी आली. तिला कॉलेजात जायचं होतं, डॉक्टरीण व्हायचं होतं. माझ्या पगारात डॉक्टरीण राहू दे, कंपाउंडरसुद्धा झाला नसता.

शाळेतले हेडक्लार्क श्यामसुंदरराव भला माणूस. त्यांनी सरकारी शिष्यवृत्तीचा फॉर्म आणला आणि आपल्या हातानं भरूनही दिला. फी माफ, वसतिगृहात राहणं-जेवण फुकट. बुधवारपर्यंत खाली सही करून आणा, म्हणाले. क्षमानं तो माझ्यापुढं चटईवर ठेवला.

"आई, खाली सही कर. वरचं वाचत बसू नकोस, तुझा दिवस जाईल."

खरंच होतं ते. मिशनच्या बाईनं मला वाचायला शिकवलं, पण मी अक्षर लावत लावत वाचते. खाली छापलं होतं, 'पालकाची सही'. मी मनात म्हटलं, छापणाऱ्याचा ळ मोडलेला दिसतोय मेल्याचा. आमच्यात बाप्तिस्मा असो, लग्न असो, नाहीतर माती द्यायची असो, कागद म्हटला की पाळकाची सही. पाळक म्हणजे आमचे धर्मगुरू. पालक म्हणजे मायबाप, हे शाळेतलं बोलणं आमच्या घरात कोण बोलतंय? आमच्यात पालक म्हणजे भाजी! क्षमा तोवर पाण्याला गेली होती. मी फॉर्म पिशवीत घातला आणि रविवारी देवळात घेऊन गेले. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो.

उपासना झाल्यावर पाळकसाहेबांना फॉर्म दिला. त्यांनी पेन काढलं, वाचलं, आणि पेन परत खिशात ठेवलं.

"मालनबाई, हे वर काय लिहिलंय ते वाचलंत?"

त्यांनी बोट ठेवलं. मी अक्षर लावलं. धर्म : हिंदू. जात : महार.

"ही सवलत हिंदूंतल्या महार-मांगांना आहे," ते म्हणाले. "बाप्तिस्मा घेतला की सरकारच्या लेखी जात उरत नाही."

"आणि गावाच्या लेखी?"

ते देवळाच्या दारात चपला सारख्या करत राहिले.

"मग साहेब, तुम्ही सही करणार की नाही?"

"हे पाळक नव्हे, बाई. पालक. म्हणजे आई किंवा बाप. ही सही माझी नाही, तुमची आहे." त्यांनी फॉर्मची घडी घालून माझ्या हातात दिली. आपल्यावर आलं नाही ते बरं झालं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला त्यांचा राग यायला हवा होता, तोही आला नाही.

घरी येऊन मी फॉर्म क्षमापुढं ठेवला. "हे तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि मला वर वाचू नकोस म्हणालीस?"

"वाचलं असतंस तर केली असतीस का सही?" मग तिचा बांध फुटला. "खोटं काय आहे गं त्यात? बाप्तिस्मा झाल्यावर बाबा गावी गेले, तेव्हा विहिरीवर कुणी विचारलं, तुझा देव कोणता? वरूनच ओतलं ना पाणी ओंजळीत? तुझ्या देवळात सोयरीक जुळवताना आधी काय विचारतात? मूळचे कोण! मग महार खोटं कसं?"

"महार खोटं नाही," मी म्हटलं. "वरचा शब्द खोटा आहे."

"दोन अक्षरं, आई. दोन अक्षरांसाठी माझा जन्म घालवशील?"

शेजारची सुगंधा, मालवणची बाई, दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती आत आली. "लिव गो हिंदू! आमच्या देवांक दोन बायो वाढल्यो म्हणान जड नाय जावचा. पोरीचा भला होताला."

मनानं मोठी बाई ती. मला हसू आलं असतं एरवी.

मी काय सांगणार होते पोरीला? तिचा प्रश्न खरा होता. माझ्याकडं एवढंच होतं की मार्चमध्ये हॉस्पिटलात तिच्या बापाचं नाव लिहून घेताना त्यांनी कारखान्याच्या कार्डावरचं बाप्तिस्म्याआधीचं जुनं नाव घातलं, धोंडू. ताप डोक्यात गेलेला माणूस. मला ओळखत नव्हता, पोरीला ओळखत नव्हता. पण ते नाव ऐकलं आणि खाटेवर उठून बसला. "शांतवन लिहा," म्हणाला. लिहीपर्यंत आडवा झाला नाही. ते त्याचं शेवटचं शहाणं बोलणं. त्याचं तेवढंच माझ्यापाशी राहिलंय, ते मी कुठं टाकू?

सोमवारी सकाळी कामाला निघायच्या आधी मी पेन घेतलं. 'हिंदू'वर रेघ मारली आणि वर लिहिलं, ख्रिस्ती. अक्षरं शेळीच्या पायांसारखी वाकडी. खालचं 'महार' तसंच ठेवलं. मग सही केली. क्षमा समोर बसून बघत होती. मला वाटलं, आता फॉर्म हिसकावून घेईल. तिनं हिसकावला असता तर मी सोडूनही दिला असता. तिनं नाही हिसकावला. वेणी घालायची अर्धी राहिली होती, ती तशीच ठेवून ती भिंतीकडं तोंड करून बसली.

फॉर्म मीच शाळेत नेला. श्यामसुंदररावांनी चष्मा वर केला. "बाई, काय करून ठेवलंत हे? ख्रिस्ती आणि पुन्हा महार? असं काही नसतं हो!"

"मी तुमच्यासमोर उभी आहे की."

"अहो, कागदावर नसतं म्हणतोय मी. असा रकानाच नाही!" त्यांनी खण उघडला, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "माझ्याकडे अजून एक कोरा फॉर्म आहे. मी काही बघितलं नाही, तुम्ही काही लिहिलं नाही. पोरगी हुशार आहे, मालनबाई. वाट लावू नका तिची."

"तुम्ही भले आहात," मी म्हटलं. "देव तुमचं भलं करो. हाच पाठवा."

मग मी कामावर गेले. त्या दिवशी प्रसूतिगृहात तीन मुली जन्मल्या. मी तिघींना पुसलं, गुंडाळलं, ज्यांच्या त्यांच्या आईजवळ ठेवलं. मला काही वाटलं नाही.

तीन आठवड्यांनी फॉर्म परत आला, आडवी लाल रेघ ओढून. क्षमानं तो वाचला, घडी घालून फळीवर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी एका साबणाच्या कारखान्यात वड्या कागदात गुंडाळायच्या कामाला लागली. घरी येताना तिच्या बोटांची सालं निघालेली असायची. मी खोबरेल काढून ठेवायची, ती लावायची नाही. आणि त्या सोमवारपासून माझ्याशी बोलायची नाही. भांडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ताट वाढायची, पाणी ठेवायची, आणि तोंडातून शब्द नाही. नवरा गेला तेव्हा जे मला लागलं नव्हतं ते इथं लागलं, जेवताना, घास तोंडात असताना.

परत आलेला फॉर्म पाळकसाहेबांनी माझ्याकडून मागून पाहिला होता. ऑगस्टमधल्या एका रविवारी त्यांनी प्रवचनात माझी गोष्ट सांगितली. आपल्यातल्या एका विधवा मातेनं जगाच्या लोभापुढं मान तुकवली नाही, असं. 'हिंदू' खोडून 'ख्रिस्ती' लिहिलं हे सांगितलं. 'महार' राहू दिलं हे गाळलं. बाया माझ्याकडं वळून वळून बघायला लागल्या. एकीनं माझा हात दाबला. मग ते म्हणाले, "मालनबाई, उठा, साक्ष द्या." साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्या जन्मात काय केलं, ते मंडळीपुढं उभं राहून सांगायचं. ती संपली की सगळे एका आवाजात आमेन म्हणतात.

मी उठले. क्षमा मागं शेवटच्या बाकावर होती, माझ्यापासून लांब.

"मी खरं लिहिलं," मी म्हटलं. "परत तो फॉर्म आला तर परत तसंच लिहीन. पण तुम्ही मला धन्य म्हणू नका. मी देवाला दिलं ते माझं नव्हतं. माझ्या पोरीचं कॉलेज दिलं मी. तिला न विचारता दिलं. माझं काय गेलं? मी कालही आया होते, उद्याही आयाच. साक्ष तिच्या बोटांची आहे. आणि पाळकसाहेब, फॉर्मवर 'महार' मी मुद्दाम राहू दिलं होतं, तेही सांगायचं. ते खरं आहे, आणि इथं सगळ्यांना ठाऊक आहे. एवढीच माझी साक्ष."

पाळकसाहेब खाली बघत होते. पुढच्या बाकावरच्या बायांनी पदर सारखे केले. आमेन कुणी म्हणेना. मी पुढच्या बाकाची कड घट्ट धरली होती, आणि मला कळलं की ती हाताला रुततेय.

तेव्हा मागून क्षमा म्हणाली, "आमेन." एकटीच, मोठ्यानं.

दोन महिन्यांत तिच्या तोंडून माझ्यासाठी निघालेला तो पहिला शब्द. त्यात माफी नव्हती. तू जे बोललीस ते खरं आहे, माझं कॉलेज तू दिलंस, एवढंच ती म्हणत होती. मी खाली बसले आणि मार्चपासून पहिल्यांदा रडले.